खुर्चीआधी माणसाचे माप: उद्यमबागेतील एका फर्निचर कारखान्याचा अनुभव

टिळकवाडीतील आमच्या पतसंस्थेत चौदा कर्मचारी दिवसाचे आठ तास संगणकासमोर बसतात. गेल्या मार्चअखेरीच्या हिशेबानंतर त्यांपैकी सहा जणांनी मान, खांदे किंवा कंबर दुखत असल्याचे सांगितले, तेव्हा संचालक मंडळाने सर्व खुर्च्या बदलण्याचे ठरवले आणि ते काम माझ्याकडे आले. बेळगावातील तीन-चार दुकानांनी खुर्च्यांची छायाचित्रे आणि दर पाठवले. उद्यमबागेतील एका लहान कारखान्याचे मालक मात्र टेप घेऊन स्वतः कार्यालयात आले.

त्यांनी प्रत्येकाला नेहमीसारखे बसायला सांगून टाचेपासून गुडघ्यामागपर्यंतचे आणि बैठकीपासून कोपरापर्यंतचे माप घेतले. आमच्या ज्येष्ठ लेखनिकांना ही पद्धत लगेच पटली, कारण त्यांचे वडील वडगावात हातमागावर विणत असत आणि मागाखालचा खड्डा स्वतःच्या पायांच्या मापानेच खणून घेत. मोजमापांतून जे निघाले ते आमच्या ध्यानीमनीही नव्हते. खरा दोष टेबलांचा होता. आमची सगळी टेबले ३० इंच उंचीची आहेत. कमी उंचीच्या व्यक्तीने कोपर कीबोर्डच्या पातळीला येईल इतकी खुर्ची वर घेतली की तिचे पाय लोंबकळतात आणि बैठकीची कड मांडीखाली रुतते, आणि पाय टेकावेत म्हणून खुर्ची खाली घेतली की खांदे दिवसभर उचललेले राहतात. अशा वेळी कितीही महाग खुर्ची घेतली तरी उपयोग होत नाही, हे त्यांनी विक्रेता असूनही स्पष्ट सांगितले. शेवटी पाच टेबलांचे पाय दोन-दोन इंच कापले आणि तिघींसाठी पाय टेकायला उतरत्या लाकडी पाट्या केल्या.

मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणि अंतर हातभर, हा नियम मला ठाऊक होता. परंतु दुहेरी भिंगांचा चष्मा वापरणाऱ्यांना खालच्या भिंगातून वाचण्यासाठी हनुवटी उचलावी लागते, म्हणून त्यांचा मॉनिटर आणखी खाली हवा, हे कारखान्याच्या मालकांकडून प्रथमच समजले. आमच्या रोखपालांचा मॉनिटर कित्येक वर्षे सीपीयूच्या पेटीवर ठेवलेला होता! खिडकीसमोरचे मॉनिटरही काटकोनात फिरवून घेतले, त्यामुळे दुपारची तिरीप थांबली.

खुर्च्या प्रत्येकी साडेआठ हजारांना पडल्या. उंची, बैठकीची खोली आणि कंबरेचा आधार वेगवेगळे जुळवता येतात, आणि पाठीला जाळी असल्यामुळे आपल्याकडच्या लांबलेल्या पावसाळ्यात फोमच्या गाद्यांना येणारा कुबट वास येत नाही. उणिवाही सांगितल्या पाहिजेत. खुर्चीचे हात पुरेसे खाली जात नसल्याने ते कापलेल्या टेबलांना अडतात आणि माणूस टेबलापासून दूर राहतो. दोन खुर्च्यांचे हात आम्हाला काढूनच टाकावे लागले. स्वतः मोजमाप घेणाऱ्या कारखान्याकडून ही चूक अपेक्षित नव्हती. पाय टेकायच्या पाट्याही ठरल्यापेक्षा तीन आठवडे उशिरा आल्या.

बैठक चांगली असली तरी अर्ध्या तासाने उठलेच पाहिजे, असे मालकांनी बजावले होते. त्यासाठी आम्ही पासबुक छापण्याचे यंत्र मुद्दाम समोरच्या भिंतीशी नेले आहे. सहा महिन्यांनंतर त्या सहांपैकी चौघांचे दुखणे बरेच कमी आहे. एका भगिनींच्या मनगटाची तक्रार कायम असून त्यांच्यावर स्वतंत्र उपचार सुरू आहेत, तर एकाच्या कंबरेत विशेष फरक नाही.

पिग्मी, म्हणजे रोजच्या बचतीची रक्कम, भरण्याचा काउंटर मात्र अजून तसाच आहे. तो उभ्या ग्राहकाच्या सोयीने उंच बांधलेला असल्यामुळे आत बसणाऱ्याचे खांदे अजूनही उचललेले राहतात. ते कामही आम्ही याच कारखान्याला दिले आहे; या वेळी खुर्चीच्या हातांची उंची लेखी ठरवून घेतली आहे.