हुमणीसाठी मेटारायझियम आणि रासायनिक औषध: एका टाकीत की वेगवेगळं?

उसाची मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळीवर मेटारायझियम ही बुरशी आणि रासायनिक औषध दोन्ही वापरायचं, एवढं ठरलं असेल तर पुढचा प्रश्न येतो तो मिसळून सोडायचं की वेगवेगळं देण्याचा. मी दोन्ही करून बघितलंय.

मिसळण्यात तथ्य आहे. इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचा थोडासा अंश लागला तरी अळी सुस्तावते, तिची हालचाल मंदावते. एरवी माती उकरत फिरताना अंगावरचे बीजाणू घासून निघतात, ते तसेच चिकटून राहतात आणि बुरशीला कातडी भेदून आत शिरायला वेळ मिळतो. शिवाय मजुरी एकदाच. बुरशीनाशकाचं मात्र त्या टाकीत नावही नको. बेणेप्रक्रियेला कार्बेन्डाझिम कालवलेला ड्रम न धुता वापरला, तरी मेटारायझियमचे पैसे पाण्यात.

माझं गणित बिघडलं ते लाइटीपायी. शेतीची थ्री फेज लाइट आमच्याकडे आठच तास, आणि त्यातही भरवसा नाही. त्या वर्षी जुलैत दोनशे लिटरच्या ड्रमात मेटारायझियमची भुकटी आणि फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिडचं जोडऔषध कालवलं, व्हेंचुरी (ड्रममधलं औषध पाण्याच्या पाइपात ओढून घेणारी नळी) सुरू केली. निम्मा ड्रम गेला आणि डीपी (लाइटीचा ट्रान्सफॉर्मर) जळाला. दुरुस्ती तिसऱ्या दिवशी. तोवर ड्रमच्या तळाशी चार बोटं गाळ बसला होता. ढवळून सोडला तर फिल्टर तुंबला, तो दर दहा मिनिटांनी उघडून धुवावा लागला. तीन दिवस औषधात भिजलेल्या बीजाणूंत किती जीव उरला असेल?

सप्टेंबरात उसाची पिवळी पडलेली बेटं उकरली. आधी सुटलेल्या वाफ्यांत पोपटी पूड चढलेल्या, बोटाने दाबल्यावर खडूसारख्या कडक लागणाऱ्या, म्हणजे बुरशीने मारलेल्या अळ्या मिळाल्या. नंतरच्या वाफ्यांत तशी एकही नाही. होत्या त्या जाड, पांढऱ्या, जिवंत. मोजमाप म्हणून हे कुणाला दाखवणार नाही, पण माझ्यापुरता निकाल लागला.

तेव्हापासून मोठ्या बांधणीला (उसाला मातीची भर देताना) कुजलेल्या शेणखतातून एकरी आठ किलो मेटारायझियम देतो. ओल असली की झालं, मोटर लागत नाही, लाइट लागत नाही. बुरशी सावकाश काम करते, दोन-तीन आठवडे फरकही दिसत नाही, हे मान्य. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये अळी लहान असताना, जिथे ऊस ओढला की मुळासकट हातात येतो, तेवढ्याच बेटांना पाठीवरच्या पंपाचा नोझल काढून रासायनिक आळवणी करतो, म्हणजे औषधाचं पाणी मुळाशी ओततो. तिसऱ्या अवस्थेतली मोठी अळी औषधालाही दाद देत नाही, तेव्हा ही वेळ चुकवू नये.

(१८७९ साली ओडेसाकडे मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाला ही बुरशी सापडली तीही गव्हावरच्या भुंगेऱ्याच्या अळीवर. हुमणीच्याच भाऊबंदांतला तो कीडा; बुरशीच्या ‘मेटारायझियम ॲनिसोप्ली’ या पूर्ण नावातलं ‘ॲनिसोप्ली’ त्याच्यावरूनच.)

ज्यांच्याकडे सोलर पंप आहे, दिवसा खात्रीने पाणी सुटतं आणि कालवलेलं तासाभरात संपतं, त्यांनी मिसळायला माझी हरकत नाही. बहुधा मजुरीही वाचेल. फक्त नवं औषध घेतलं तर आधी दुकानदाराला नव्हे, कृषी विज्ञान केंद्रात विचारा, कारण क्लोरपायरीफॉससारखं औषध या बुरशीला मानवत नाही. आमच्या डीपीवर विसंबून मात्र मी पुन्हा ड्रम कालवणार नाही. यंदाच्या खोडव्यालाही (तोडणीनंतर फुटलेल्या उसाला) मेटारायझियम शेणखतातूनच पडलंय.