समुद्रकाठचं गेट: रंग, जस्त की स्टेनलेस?

गावच्या घराला नवं गेट आणि ग्रिल करायचंय, आणि समुद्र हाकेच्या अंतरावर. फॅब्रिकेटर विचारतो, "रेडऑक्साइड मारून ऑइलपेंट देऊ ना?" हो म्हणण्याआधी एवढंच ठरवा: वर्षभर त्या घरात कोण राहणार?

कुणी कायम राहत असेल तर रंग वाईट नाही. सर्वांत स्वस्त, आणि रंगारी गावातच मिळतो. पण रेडऑक्साइड, म्हणजे ऑइलपेंटच्या आधी मारतात तो तांबडा थर, हे नुसतं पांघरूण. ते कुठे फाटलं की गंज रंगाखालून पसरतो. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ लोखंडावर बसून हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे पाऊस नसतानाही लोखंड ओलंच. म्हणून पुन्हा रंगवताना आधी गोड्या पाण्याने धुवायचं, सुकवायचं, मगच ब्रश. रंगारी नेमकं हेच टाळतात, आणि मीठ आत अडकून पुढच्या पावसाळ्यात रंगाला फोड येतात.

घर फक्त गणपतीत आणि मे महिन्यात उघडत असेल तर मी डोळे मिटून हॉट डिप गॅल्व्हनायझिंग सुचवेन. तयार गेट सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं, त्यामुळे ओरखडा पडला तरी तिथे लगेच गंज धरत नाही. ३ ते ६ मिलिमीटर जाडीच्या लोखंडावर आंतरराष्ट्रीय मानकानुसार सरासरी किमान ७० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर बसायला हवा. समुद्रकाठच्या कडक हवेत वर्षाला साधारण ४ ते ८ मायक्रॉन जस्त जातं; म्हणजे ढोबळ हिशेबाने ९ ते १७ वर्षं.

"जीआय पाइपचंच गेट करतो की" हे मात्र वेगळं प्रकरण. जीआय म्हणजे आधीच जस्त चढवलेला पाइप; तो कापून, जोडून गेट करतात. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं आणि वर चंदेरी रंग फासला जातो. गंज सुरू होतो तो तिथूनच.

स्टेनलेसच्या नावाखाली बाजारात २०२ हा हलका ग्रेडही खपतो. लोहचुंबक लावून बघण्यात अर्थ नाही. तो सहसा २०२ लाही चिकटत नाही आणि त्याहून चांगल्या ३०४ ग्रेडलाही. त्यात किनाऱ्यावर ३०४ वरसुद्धा चहासारखे डाग पडतात. खरा टिकतो तो २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असलेला ३१६ ग्रेड, पण तो महाग. अख्ख्या गेटला नको. कडी, बिजागरी, नटबोल्ट ३१६ चे घ्या.

जस्ताचं ठरलं तर फॅब्रिकेटरला बंद पाइपांना भोकं ठेवायला आधीच सांगा. नाहीतर आत अडकलेल्या हवेची आणि ओलाव्याची वाफ होऊन टाकीत पाइप फुटू शकतो. आणि गेट घरी आल्यावर त्याच्यावर थेट ऑइलपेंट नको, पापुद्रे सुटतात. रंग हवाच असेल तर जस्तासाठीचा वेगळा प्रायमर मागा.