टीव्हीसमोर नाचायचं तर जुना वी बरा की कायनेक्टवाला एक्सबॉक्स ३६०?

कोजागिरीला किंवा पोरांच्या वाढदिवसाला नाचायचा खेळ हवाय, पण नव्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेम मशीनवर, खर्च करायचा नाही, अशांसाठी हे लिहितोय. वी किंवा एक्सबॉक्स ३६० अशा जुन्या कन्सोलचं सुख म्हणजे डिस्क घातली की गाणी सुरू. ना इंटरनेट, ना दरमहा वर्गणी. प्लेस्टेशन ३ मी बाजूला ठेवतो. त्याचे मूव्ह कंट्रोलर वेगळे शोधा, कॅमेरा वेगळा शोधा, एवढा खटाटोप कोण करणार?

'जस्ट डान्स' हा नाचाचा खेळ २००९ मध्ये पहिल्यांदा आला तो निन्टेंडो वीवरच. वीला फक्त तुमच्या हातातला रिमोट कळतो, पाय काय करतायत याचा पत्ताच नसतो. त्यामुळे सोफ्यावर टेकून नुसता उजवा हात तालात फिरवणारी काकू घाम गाळणाऱ्या भाच्यापेक्षा जास्त गुण घेऊन जाते. भाचा 'चीटिंग, चीटिंग' म्हणून ओरडतो. मला मात्र हा खेळाचा मोठा गुण वाटतो, कारण गुडघे धरलेली आजीही त्यात येते. शिवाय चौघं एकदम नाचू शकतात. पट्टा तेवढा मनगटात अडकवायला लावा, नाहीतर घामेजल्या हातातून रिमोट सुटून थेट टीव्हीवर.

कायनेक्ट म्हणजे एक्सबॉक्सला जोडायचा कॅमेरा, तो अख्खं शरीर बघतो. त्यावरचा हार्मोनिक्स कंपनीचा 'डान्स सेंट्रल' (२०१०) खरंच नाच शिकवतो: हात चुकला की पडद्यावरच्या नर्तकाचा हात लाल होतो, आणि अवघड स्टेप सावकाश करून घोटता येते. दोघांनी एकदम नाचायचं तर २०११ चा दुसरा भाग घ्या. इथे काकूची डाळ शिजत नाही.

पण जागा? एकट्यासाठी कॅमेऱ्यापासून साधारण ६ फूट आणि दोघांसाठी ८ फूट मोकळं लागतं. पुण्यात पेठेतल्या किंवा कोथरूडच्या जुन्या वन बीएचकेत दिवाण, शोकेस, टीपॉय मांडल्यावर ८ फूट उरतात कुठे? मधूनच कुणी चहाचा ट्रे घेऊन गेलं की कॅमेरा गोंधळतो. तो इन्फ्रारेडवर चालतो, त्यामुळे खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पडदे ओढावे लागतात. बाणेर-बालेवाडीकडच्या ऐसपैस हॉलवाल्यांना ही अडचण नाही.

जोडणीत मात्र वी मागे पडतो. त्याला एचडीएमआय नाही. लाल-पांढरी-पिवळी वायर लागते आणि नव्या टीव्हीला ती भोकंच नसतात. तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत एचडीएमआय कन्व्हर्टर विचारा. त्यानंतर टीव्ही गेम मोडवर टाका, नाहीतर चित्र ताल सोडून मागून येतं आणि गुण विनाकारण जातात. चित्र जरा भुरकट दिसेल, पण 'जस्ट डान्स'मधले नर्तक रंगीत आकृत्याच असतात, फार बिघडत नाही. एक्सबॉक्समध्ये बारीक अंगाचं 'एस' मॉडेल बघा. त्याला कायनेक्ट थेट लागतो. आधीच्या जाड्या मॉडेलला कायनेक्टसाठी वेगळा पॉवर अडॅप्टर लागतो आणि जुन्या मालात नेमका तोच हरवलेला असतो. दोन्हींची ऑनलाइन दुकानं बंद झालीत, वीचं २०१९ ला आणि ३६० चं २०२४ ला. म्हणजे डिस्कवर असतील तेवढीच गाणी.

माझं मत विचाराल तर घरात माणसं जास्त नि जागा कमी असेल तर वी. एकट्या-दुकट्याला मनापासून नाच शिकायचाय आणि हॉल मोकळा आहे, तर कायनेक्ट. खालच्या मजल्यावरच्यांचा विचार केला तरी वीच, कारण उड्या न मारताही गुण मिळतात.

वी घेताना प्रत्येक रिमोटचं झाकण उघडून बघा. सेल गळून आत पांढरं-हिरवं साचलं असेल तर तो नको. आणि कुणाच्या मुलानं अमेरिकेहून आणलेला वी स्वस्तात मिळत असेल, तर त्याचा अडॅप्टर १२० व्होल्टचा आहे हे लक्षात ठेवा, आपल्याकडे थेट लावायचा नाही. शिवाय वीला डिस्क त्याच्याच प्रदेशातली लागते, त्यामुळे त्यावर युरोपीय डिस्कही चालत नाहीत. डिस्का तिकडच्याच असतील तरच व्यवहार करा.