वाशीतलं इलेक्ट्रॉनिक्सचं शोरूम: माल चांगला, पण बदलून द्यायचा अधिकार दुकानात कोणालाच नाही

वाशीतल्या एका मोठ्या चेनच्या शोरूममधून वॉशिंग मशीन घेतलं, नाव लिहीत नाही. व्हरायटी भरपूर, भाव बरा, सेल्समनने फ्रंट लोड आणि टॉप लोडमधला फरक नीट वेळ देऊन समजावला, डिलिव्हरीपण वेळेवर आली. पण बॉक्स उघडला तर डाव्या बाजूचा पत्रा चेपलेला.

डिलिव्हरीवाल्या दादांना चेप दिसत होती तरी परत न्यायची परवानगी त्यांना नाही. सेल्समन म्हणाला फ्लोअर मॅनेजरशी बोला, ते म्हणाले स्टोअर मॅनेजर बघतील, आणि स्टोअर मॅनेजर, म्हणजे एवढ्या मोठ्या दुकानातला सगळ्यात वरचा माणूस, ते म्हणाले मेल टाकलाय, रिजनल ऑफिसचं अप्रूवल आलं की देतो बदलून. आता ज्यांनी मशीन बघितलं त्यांच्या हातात काही नाही आणि ज्याच्या हातात आहे तो लांब बसून फोटो मागतोय, मग अजून एका अँगलने फोटो, मग बिलाचा फोटो. सगळे बोलायला चांगले होते हो, एकानेही आवाज चढवला नाही, पण काम पुढे सरकेना.

मी रबाळे एमआयडीसीत प्रॉडक्शनला आहे म्हणून हे जास्त खटकलं. टोयोटाच्या गाड्या बनवायच्या लाईनवर काही चुकलेलं दिसलं की साधा कामगार दोरी ओढतो किंवा बटण दाबतो, टीम लीडर लगेच येतो आणि गाडी त्या स्टेशनमधून पुढे जायच्या आत प्रॉब्लेम सुटला नाही तर लाईन थांबते, साहेबाच्या मेलची वाट बघत बसत नाहीत. रिट्झ-कार्लटन हॉटेलात गेस्टची अडचण सोडवायला कुठलाही कर्मचारी २००० डॉलरपर्यंत खर्च वर न विचारता करू शकतो. मॅनेजरच्या पायऱ्या तिथेही आहेतच, पण कोणी कुठपर्यंत ठरवायचं ते आधीच ठरलेलं असतं. आमच्याकडेपण छोट्या खरेदीला सुपरवायझरची सही चालते, मोठी रक्कम असेल तरच फाईल वर जाते. स्टोअर मॅनेजरला एक मशीन बदलायची मुभा दिली तर कंपनीचं असं काय जाणारे?

शेवटी मशीन बदलून मिळालं आणि नवीन मस्त चालतंय. ५ पैकी ३ स्टार, कापलेले २ वरच्या ऑफिसचे, दुकानातल्या पोरांचे नाहीत, बिचारी रोज लोकांचं ऐकून घेतात. तुम्ही घेणार असाल तर पैसे भरायच्या आधीच विचारा की डॅमेज निघालं तर बदलायचं कोण ठरवतं, स्टोअर की रिजनल, आणि बॉक्स उघडून बघितल्याशिवाय चलानवर सही करू नका, चेप दिसली तर चलानवरच लिहा आणि त्याचा फोटो काढून ठेवा.