गार्मिन फोररनर ५५ : फौजेत धावणाऱ्याच्या मनगटावर

धावण्याच्या घड्याळांची परीक्षणे बहुधा अशी माणसे लिहितात, ज्यांच्या खिशात फोन असतो, फोनला नेटवर्क असते आणि आपण कुठे व किती धावलो हे चार मित्रांना कळावे अशी ज्यांची इच्छा असते. माझ्या नोकरीच्या बऱ्याच काळात या तिन्ही गोष्टी नव्हत्या. मी भारतीय सैन्यात हवालदार आहे, मूळचा सातारा तालुक्यातला, आणि लांब पल्ल्याचे धावणे हा पीटी संपल्यानंतर उरणारा माझा खासगी छंद आहे. गार्मिन कंपनीचे फोररनर ५५ हे घड्याळ मी उंचावरच्या फील्ड पोस्टिंगमध्ये वापरले आणि आता बेळगावात पीस पोस्टिंगवर, म्हणजे शांत भागातल्या नेमणुकीवर, बायको-मुलीसह एका छपराखाली राहत असतानाही तेच वापरतो आहे. त्यामुळे मी या घड्याळाकडे एकाच बाजूने पाहतो : बाहेरच्या जगाशी काहीही संबंध न ठेवता ते आपले काम किती चोख करते?

हे घड्याळ २०२१ च्या जूनमध्ये बाजारात आले. वजन अवघे ३७ ग्रॅम, व्यास ४२ मिलिमीटर, आणि कडेला पाच बटणे. पडद्याला स्पर्श करून काहीच होत नाही, सगळा कारभार बटणांवर चालतो. दुकानात ही उणीव वाटते. उंचावर लोकरी हातमोज्यांवर दुसरे जाड हातमोजे चढवून उभे राहिल्यावर तीच सोय ठरते. उजवीकडचे वरचे बटण दाबले की नोंद सुरू, खालचे दाबले की लॅप (धावेचा एक टप्पा), आणि दोन्ही न बघता सापडतात. बेळगावच्या पावसाळ्यातही याच कारणाने ते बरे, कारण पावसाचे थेंब आणि ओली बाही पडद्यावर काही उलटसुलट करू शकत नाहीत. पडदा फोनसारखा झगमगीत नाही. तो बाहेरचा उजेड परावर्तित करतो, म्हणून ऊन जितके प्रखर तितके आकडे स्पष्ट. अंधारात मात्र दिव्याची गरज पडते, आणि हा दिवा सेटिंगमधून पूर्ण बंद करता येतो. आवाजही बंद करून फक्त थरथर ठेवता येते. पहाऱ्यावर हात हलवला आणि मनगट उजळले, ही गोष्ट आमच्याकडे कोणालाच चालत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. धावण्या-सायकलिंगची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या ॲपने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये जगभरातल्या वापरकर्त्यांच्या वाटांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला. २०१८ च्या जानेवारीत एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आले, की सीरिया आणि अफगाणिस्तानसारख्या देशांत, जिथे सर्वसामान्य लोक असली साधने फारशी वापरत नाहीत, तिथे त्या नकाशावर लष्करी तळांच्या चौकटी चमकत आहेत. नाव कोणाचेच नव्हते. सैनिक रोज सकाळी कुंपणाच्या आतून फेऱ्या मारत होते, तेवढे पुरले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने मोहिमेच्या भागांत ठिकाण सांगणाऱ्या उपकरणांची ती सोय वापरण्यावर बंदी घातली. आपल्याकडेही २०२० च्या जुलैमध्ये सैन्याने फेसबुक आणि इन्स्टाग्रामसह ८९ ॲप फोनमधून काढून टाकण्यास जवानांना सांगितले. तेव्हा एखाद्या जवानाने धावण्याचे घड्याळ घेताना ते किती गोष्टी मोजते यापेक्षा ते गप्प बसू शकते की नाही, हे आधी विचारावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

फोररनर ५५ गप्प बसते. फोनशी जोडी न लावताही धावण्याची वेळ, अंतर, पेस (एका किलोमीटरला लागणाऱ्या वेळेवरून कळणारा वेग) आणि हृदयाचे ठोके त्याच्या स्वतःच्या स्मृतीत साठतात. हवे असल्यास केबलने संगणकाला जोडून फाइली थेट उतरवून घेता येतात. घड्याळ पेनड्राइव्हसारखे उघडते आणि प्रत्येक धावेची वेगळी फाइल दिसते. ती कोणत्याही संकेतस्थळावर चढवण्याची सक्ती नाही. जिथे उपग्रहाची नोंदच नको, तिथे त्याहून सोपा मार्ग आहे : बाहेर धावतानाही ‘ट्रेडमिल’ हा प्रकार निवडावा. मग जीपीएस चालूच होत नाही, घड्याळातला हालचालमापक हाताच्या लयीवरून अंतराचा अंदाज घेतो, आणि धाव संपल्यावर खरे अंतर ठाऊक असल्यास ते भरून दुरुस्तीही करता येते. आमच्या त्या पोस्टवर (नाव अर्थातच लिहीत नाही) धावण्याजोगी सपाट पट्टी इतकी आखूड होती, की त्या एकाच पट्टीवर खालीवर जाण्यालाच आम्ही लाँग रन म्हणत असू. अशा ठिकाणी नकाशावर रेघ उमटून मिळणार तरी काय होते?

या गप्प बसण्याची किंमतही आहे आणि ती जाहिरातीत कुणी सांगत नाही. उपग्रह कधी कुठे असतील याचे आगाऊ गणित घड्याळाला फोनकडून किंवा संगणकाकडून मिळत असते. ते बरेच दिवस मिळाले नाही, आणि मध्ये हजारभर किलोमीटरचा रेल्वेप्रवास झाला, की पहिल्या धावेला उपग्रह सापडायला वेळ लागतो. रजेवर गावी आल्यावर पहिल्या सकाळी अंगणात हात वर करून उभे राहण्याची तयारी ठेवावी. आमच्या आईला तो सूर्यनमस्काराचा काही नवा प्रकार वाटला होता. दुसरे असे, की या मॉडेलमध्ये हवेच्या दाबावरून उंची मोजणारा बॅरोमीटर नाही. चढ-उताराचा आकडा फोनवरच्या ॲपकडे माहिती गेल्यावर नकाशाच्या आधारे सुधारला जातो. जो माहिती पाठवणारच नाही, त्याने चढाईच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये.

उंचीवर हृदयाच्या ठोक्यांचे वाचन हा स्वतंत्र विषय आहे. लेह ३,५०० मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोनतृतीयांश असतो. नेहमीच्या पेसला ठोके वाढतात, किंवा ठोके आवरायचे तर पेस सोडून द्यावा लागतो. घड्याळ पेस आणि ठोके यांची सांगड घालून तुमची व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीराची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता, अंदाजाने सांगते; गार्मिनच्या वरच्या काही मॉडेलांना उंचीची सवय होण्याचा हिशेब कळतो, या मॉडेलला तो कळत नाही. त्यामुळे वर गेल्या-गेल्या तुमची तब्येत ढासळली असे ते बिनदिक्कत जाहीर करते. तो आकडा मनावर घेऊ नये, ठोके तेवढे बघावेत. शिवाय थंडीत मनगटातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि हिरव्या प्रकाशाने नाडी वाचणाऱ्या कोणत्याही मनगटी सेन्सरला तिथे अडचण येते. छातीचा पट्टा या घड्याळाला जोडता येतो, आणि थंड प्रदेशात पोस्टिंग असलेल्याने तो घ्यावाच. जीपीएस चालू ठेवून २० तास बॅटरी, हा कंपनीचा आकडा. लिथियमची बॅटरी गारठ्यात लवकर उतरते, म्हणून रात्री मी घड्याळ स्लीपिंग बॅगच्या आत ठेवत असे. खारदुंग गावातून ‘खारदुंग ला’ ही खिंड ओलांडून लेहला उतरणारी ७२ किलोमीटरची शर्यत मनात असलेल्यांनी एवढे जरूर ध्यानात घ्यावे.

खाली आल्यावर आयुष्यात पुष्कळ बदलले. मुलगी तिसरीत आहे आणि मी घरी आहे हे तिला अजून पुरते खरे वाटत नाही. सकाळी बूट घातले की ती दारापर्यंत येऊन ‘बाबा, कधी येणार?’ असे विचारते, आणि उत्तर तासांत मिळाले की निवांत परत झोपते. सौ.ने संध्याकाळी कॅम्पातल्या रस्त्यांवर चालायला सुरुवात केली आहे, आणि माझे जुने हौशी स्वप्न, म्हणजे मुंबईची पूर्ण मॅरेथॉन, या काळात पार पडले. तिथे या घड्याळाचा खरा उपयोग झाला. पहाटे सीएसएमटीसमोरच्या गर्दीत सुटल्यावर अंगात इतके बळ संचारते, की सुरुवातीचे किलोमीटर फुकट उधळले जातात. ठरवलेल्या पेसपेक्षा वेग वाढला की घड्याळ मनगटाला थरथर देऊन आवरायला सांगते. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ येतो तेव्हा तोच आवर कामी आला. माझा गुडघा त्या चढावर कुरकुरला, पण थांबला नाही.

शेवटची रेघ ओलांडताना घड्याळात ४२.१९५ पेक्षा काही शे मीटर जास्त दिसतात आणि पुष्कळ जण लगेच आयोजकांना नाही तर घड्याळाला बोल लावतात. दोघेही निर्दोष असतात. प्रमाणित मार्ग सायकलच्या चाकाला बसवलेल्या मोजयंत्राने, वळणांवरची शक्य तेवढी जवळची रेषा धरून मोजतात, आणि तो चुकूनही कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जास्त धरतात. धावणारा मात्र पाण्याच्या टेबलाकडे, ओळखीच्या माणसाकडे, सावलीकडे तिरका जातच असतो. म्हणून शर्यतीत लॅपचे बटण रस्त्यावरच्या किलोमीटरच्या फलकापाशी स्वतः दाबावे. या घड्याळात ते सहज जमते.

सल्ला देण्याच्या बाबतीत हे यंत्र भलतेच सिव्हिलियन आहे. बीपीईटी या सैन्यातल्या शारीरिक चाचणीची पाच किलोमीटरची धाव शस्त्र आणि सामानासह झाली, की ते पुढचे दोन दिवस विश्रांतीचे सुचवते. दुसऱ्या दिवशी पहाटे फॉलिन, म्हणजे रांगेत हजर राहणे, असते. सुभेदार साहेबांना तो आकडा दाखवून पाहावा असा मोह मला अनेकदा झाला, पण नोकरी प्रिय आहे. झोपेचेही तसेच : नेहमीच्या झोपेच्या वेळा आधी सेटिंगमध्ये सांगाव्या लागतात आणि पहाऱ्याच्या पाळीने तुकड्या-तुकड्यांत घेतलेली झोप त्या चौकटीत बसत नाही. एक उपाय मात्र सांगतो. पाठीवर पिट्टू (सामानाची पाठपिशवी) असेल तेव्हा ‘रन’ हा प्रकार कधीही निवडू नये, ‘वॉक’ किंवा ‘कार्डिओ’ निवडावा. ओझ्यामुळे पेस कमी आणि ठोके जास्त अशी नोंद धावेच्या खात्यात गेली, की घड्याळाचे पुढचे सगळे अंदाज बिघडतात.

पट्ट्याबद्दल थोडेसे. मूळ पट्टा रबरासारख्या सिलिकॉनचा, २० मिलिमीटरचा आणि सहज बदलता येणारा आहे. बदल म्हणून मी बाजारातून एक नायलॉनचा पट्टा घेतला. त्याची खीळ ऐन धावेत निसटली आणि दुकानदाराने ‘सेल का माल है’ म्हणून हात झटकले. मूळ पट्टा परत चढवला तो आजवर टिकला आहे. घामानंतर तो धुऊन मनगट कोरडे करावे, नाहीतर त्वचेला खाज सुटते.

घड्याळ नवे असताना वीस हजारांच्या आसपास मिळत असे. हवालदाराच्या पगारात ही खरेदी घरी विचारूनच करावी लागते. ज्यांचे धावणे डोंगरातच असते, म्हणजे आमच्या साताऱ्याला यवतेश्वरचा घाट किंवा इथे राजहंसगडाची वाट, त्यांनी थोडे थांबून बॅरोमीटर असलेले फोररनर १६५ घ्यावे. त्याचा पडदा झगमगीत आहे, तो मला नको वाटतो, पण चढाईचा हिशेब ते नीट देईल. सपाट रस्त्यावर हाफ किंवा फुल मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या आणि आपली माहिती आपल्यापाशीच ठेवू पाहणाऱ्या जवानाला मी फोररनर ५५ च सुचवीन.

गावी माझा पुतण्या भरतीची तयारी करतो आहे आणि त्यालाही असलेच घड्याळ हवे आहे. त्याला मी नाही म्हटले. भरतीला १६०० मीटर धावायचे असतात आणि पूर्ण गुणांसाठी साडेपाच मिनिटांच्या आत यावे लागते. चारशे मीटरच्या मैदानावर चार फेऱ्या, प्रत्येकीला साडेब्याऐंशी सेकंद. एवढ्यासाठी काही शे रुपयांचे स्टॉपवॉच पुरते. उरलेल्या पैशांत त्याने चांगले बूट घ्यावेत.