इबेट्सन आणि रिस्ली: जात पाहण्याच्या दोन नजरा

दोघेही ब्रिटिश राजवटीतले आयसीएस (सनदी) अधिकारी, दोघांनीही जनगणनेचं काम केलं. पण डेन्झिल इबेट्सनने पंजाबच्या १८८१च्या जनगणना अहवालात जातीचा पाया व्यवसायात शोधला. कर्नालमध्ये महसुलाचं काम करताना त्याने गावं जवळून पाहिली होती. जाट आणि राजपूत हा भेद रक्ताचा नाही, सामाजिक आहे. सत्ता आली, रीतिरिवाज बदलले की कुळाचा दर्जाही बदलतो, असं त्याचं म्हणणं. धर्म बदलला तरी जात टिकते, हेही त्याने नोंदवलं.

हर्बर्ट रिस्लीने बंगालमध्ये चक्क नाकं मोजायला लावली. नाकाच्या रुंदीला उंचीने भागायचं, शंभराने गुणायचं. आकडा जितका मोठा तितकी जात खालची! अशाच मोजमापांवरून त्याने मराठी ब्राह्मण आणि कुणबी ‘सिथो-द्रविड’, म्हणजे शक (सिथियन) आणि द्रविड यांच्या मिश्र, वंशात टाकले. १९०१च्या जनगणनेत त्याने जातींची उतरंड लावायला सांगितली आणि वरच्या स्थानासाठी अर्जांचा पाऊस पडला.

मला इबेट्सन कितीतरी जास्त विश्वासार्ह वाटतो. राज्यकारभाराची गरज त्याच्याही लेखनामागे होतीच, पण त्याची नजर बदलत्या जगण्यावर होती. रिस्लीची क्रमवारी १९११च्या जनगणनेत सोडून दिली गेली. इबेट्सनचं जातींवरचं प्रकरण मात्र त्याच्या मृत्यूनंतर, १९१६ मध्ये, स्वतंत्र पुस्तक म्हणून निघालं.