खत सुचवणारी नव्हे, खत थांबवणारी प्रयोगशाळा

रत्नागिरी तालुक्यातील आमच्या हापूसच्या बागेसाठी आंबा उतरल्यावर एका खाजगी प्रयोगशाळेतून माती परीक्षण करून घेतले. ही प्रयोगशाळा स्वतः खते विकत नाही आणि माझ्या मते हीच तिची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे, कारण खतविक्रेत्याच्या सल्ल्यात कमतरता हमखास निघते, अतिरेक मात्र क्वचितच निघतो.

नमुना कसा घ्यावा हे त्यांनी बारकाईने समजावले. कलमाच्या विस्ताराखालची माती लोखंडी अवजाराऐवजी लाकडी खुरप्याने काढायची, सावलीत वाळवायची, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचे.

अहवालात माती आम्लधर्मी निघाली, यात नवल नाही. 3000 मिलिमीटरांहून अधिक पडणारा पाऊस कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पालाश (पोटॅशियम) धुऊन नेतो. विचार करायला लावणारी नोंद पुढे होती: लोह भरपूर, उपलब्ध स्फुरद (झाडाला घेता येईल असा फॉस्फरस) कमी. वर्षानुवर्षे सुपर फॉस्फेट हे स्फुरदाचे खत घालूनही असे का, हे तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी शांतपणे सांगितले. जांभ्या मातीतील लोह आणि अ‍ॅल्युमिनियम स्फुरदाला बांधून ठेवतात, म्हणजे येथे एकाचा अतिरेक हेच दुसऱ्याच्या कमतरतेचे कारण असते. उपाय म्हणून स्फुरद वाढवत गेल्यास झाडाला जस्त कमी पडू लागते. माणसाचेही तसेच आहे. जस्ताच्या गोळ्या दीर्घकाळ जास्त प्रमाणात घेतल्यास शरीरात तांब्याची कमतरता होऊन रक्तक्षय होऊ शकतो.

बोरॉनची मात्रा त्यांनी ग्रॅममध्ये दिली आणि पुन्हा तपासणी केल्याशिवाय ती देऊ नये असे ठळक लिहिले, कारण या द्रव्याच्या बाबतीत गरज आणि विषबाधा यांत फार थोडे अंतर असते. नत्र (नायट्रोजन) तर घटवायलाच सांगितले. ते जादा झाले की पालवी फुटत राहते आणि मोहोर मागे पडतो. पैसे घेऊन ‘कमी घाला’ असे सांगणारा सल्लागार मला प्रामाणिक वाटतो.

उणिवाही आहेत. मात्रा हेक्टरी दिल्या आहेत, तर बागायतदार कलमागणिक आणि कलमाच्या वयानुसार हिशेब करतो. ‘कमी’ आणि ‘भरपूर’ यांच्या मर्यादाही छापलेल्या नाहीत, त्यामुळे किती कमी हे विचारूनच घ्यावे लागते. अहवाल यायला वेळ लागतो. जूनमध्ये खत घालायचे असेल तर नमुना मेच्या सुरुवातीलाच द्यावा.